आमच्या घरातील धावणे

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





मी वक्ता नव्हे. एस.टी.च्या आगारात गाड्यांखाली पडून नटबोल्ट आवळण्यात माझी हयात गेली. आमचे अख्खे घर शर्यतीत धावते ही बातमी कुणीतरी संस्थेच्या चिटणीसांच्या कानावर घातली आणि त्यांनी मला येथे उभे केले. त्यांचा आग्रह मोडवेना म्हणून आलो. पण प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतो. आमच्या घरात एकही नामांकित धावपटू नाही. कपाटात ढाली नाहीत. पदके आहेत, पण ती शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला मिळतात तसली. तेव्हा पराक्रम ऐकायला मिळेल या आशेने कुणी बसले असेल तर त्याने चहा घेऊन यावे.

आम्ही राहतो गगनबावड्यात. कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटर, सह्याद्रीच्या अगदी कडेवर. गावातून दोन घाट खाली कोकणात उतरतात, एक करूळचा आणि दुसरा भुईबावड्याचा. डोक्यावर गगनगड. गडावर गगनगिरी महाराजांचा मठ आहे आणि गैबी पिराचा दर्गाही आहे. आमच्या गावाची खरी ओळख मात्र पाऊस. जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस आमच्या तालुक्यात पडतो. जूनमध्ये वाळत घातलेली चादर सप्टेंबरात वाळते असे आम्ही पाहुण्यांना सांगतो, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नसते. अशा गावात माणसे धावण्याचा छंद का लावून घेतील?

माझ्यापुरते उत्तर सोपे आहे. २०१४ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मला मधुमेह निघाला. आमचे अब्बा त्याच दुखण्याने गेले. शेवटी त्यांच्या पायाची दोन बोटे काढावी लागली होती. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "रोज चाला." मी चालू लागलो. पहाटे फजरची नमाज झाली की एस.टी. स्टँडपासून असळजच्या रस्त्याने निघायचे आणि दोन किलोमीटरवरून परत फिरायचे. धुके असे असते की स्वतःचा हात दिसावा तेवढेच दिसते. शिवाय आमच्याकडे गव्यांची वर्दळ. अंधारात गवा समोर आला तर माणसाने काय करावे हे कुठल्याही डॉक्टरने लिहून दिलेले नाही. म्हणून घरच्यांनी फर्मान काढले की एकट्याने जायचे नाही. सोबतीला मुलगी आली. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. दोन दिवस माझ्याबरोबर चालली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अब्बा, तुम्ही फार हळू चालता. मी त्या वळणापर्यंत पळून येते." ती गेली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. मला तिच्यामागे पळावे लागले. आमच्या घरातील धावण्याची सुरुवात ही अशी, गव्याच्या भीतीने झाली.

मुलगी रोज धावू लागली तशी चर्चाही धावू लागली. माझी एक खाला आहे, जिभेची तिखट पण मनाची स्वच्छ. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरगी पळते, पोरगी पळते असे सगळ्या बाजारात सांगत फिरू नकोस. ऐकणारा भलताच अर्थ काढेल. निदान 'धावते' म्हण." मी तो सल्ला मानला. तुम्हीही ध्यानात ठेवा, आम्ही धावतो, पळत नाही.

पण खालाच्या बोलण्याने एक जुनी गोष्ट वर आली. तीच सांगण्यासाठी मी आज इथे उभा राहायला कबूल झालो. ती सांगितल्यावाचून बाकीचे सांगणे खोटेपणाचे होईल.

मला एक मोठी बहीण आहे. आम्ही तिला आपा म्हणतो. १९८४ साली ती पंधरा वर्षांची होती आणि शाळेत तिच्याइतके जोरात कुणी धावत नसे, मुलगेसुद्धा. दोनशे मीटर, चारशे मीटर, जे असेल त्यात पहिली. तिच्या गुरुजींनी तिचे नाव तालुक्याच्या स्पर्धेसाठी दिले होते. मी बारा वर्षांचा. एके दिवशी मैदानाच्या कठड्यावर बसलेल्या काही टवाळ पोरांनी तिच्यावरून शेरे मारले. मी ते ऐकले आणि घरी येऊन अब्बांना जसेच्या तसे सांगितले. भाऊ म्हणून आपण मोठे कर्तव्य केले असे मला वाटले होते. दुसऱ्या दिवसापासून आपाचे मैदान बंद झाले. पुढच्या वर्षी शाळाही बंद झाली. टवाळ पोरे मात्र त्याच कठड्यावर बसत राहिली. त्यांना कुणी काही बोलले नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथी आली. सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याने पदक हुकले. पालकांपैकी जे माझ्या वयाचे आहेत त्यांना ती हळहळ आठवत असेल. आमच्या घरीही सगळे हळहळले, अब्बासुद्धा. पण त्या शर्यतीत पहिली कोण आली, हे आमच्या घरात कुणी विचारले नाही. मला ते कळायला तीस वर्षे लागली. ती होती मोरोक्को देशातील कॅसाब्लांकाची नवल अल मुतवक्किल. आपल्याच धर्माची मुलगी. ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकणारी मुस्लिम देशातील पहिली स्त्री. ८ ऑगस्ट १९८४ हा तो दिवस. तिच्या देशाच्या राजाने फर्मान काढले, की आज जन्मलेल्या मुलींची नावे नवल ठेवावीत. आणि त्याच सुमारास, गगनबावड्यात, आमच्या आपाने मैदान सोडले होते.

मी अब्बांना दोष देत नाही. त्यांना जग जेवढे दिसत होते तेवढ्यावर त्यांनी निर्णय घेतला. चुगली मात्र माझी होती.

म्हणून मुलीच्या धावण्याचा विषय घरात निघाला तेव्हा मी बोलायचे टाळत होतो. निर्णय घेतला तो माझ्या पत्नीने. तिने सरळ मौलवी साहेबांना विचारले. त्यांनी हजरत आयेशा (रजि.) यांची ती हदीस सांगितली. प्रवासात रसूलल्लाह (स.) यांनी त्यांच्याशी धावण्याची शर्यत लावली आणि त्या पुढे गेल्या. पुढे काही वर्षांनी पुन्हा शर्यत लागली, तेव्हा त्या मागे पडल्या आणि हजरत हसून म्हणाले की हे त्या वेळचे फिटले. मौलवी साहेब एवढेच म्हणाले, "कपडे अंगभर असू द्या, सोबत असू द्या, मग अडवायला कारण काय?" खालाचे तोंड त्या दिवशी मिटले. पूर्ण मिटले असे नाही, पण विषय बदलला.

मुलगी पायघोळ पँट, लांब बाह्यांचा सदरा आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल अशी धावते. प्रथम लोक पाहायचे, आता नाहीत. बहारीनची रुकैया अल घसरा २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अशाच अंगभर पोशाखात दोनशे मीटर धावली. त्याआधी २००६ च्या आशियाई स्पर्धेत तिने त्याच अंतराचे सुवर्णपदक घेतले होते. २०२४ मध्ये पॅरिसला हॉलंडच्या सिफान हसनने मॅरेथॉन जिंकली. ती धावते इतर धावपटूंसारख्या पोशाखात, पण पदक घ्यायला उभी राहिली ती डोक्यावर हिजाब घेऊन. मुलींनो, मी हे सांगतो ते कुणी काय नेसावे हे ठरवण्यासाठी नव्हे. पोशाखाची सबब शिल्लक राहिलेली नाही, एवढेच म्हणायचे आहे.

आता मुलाची गोष्ट. ही सांगताना मला लाज वाटते, पण पालकांनी ऐकावी.

मुलगा बहिणीपेक्षा चार वर्षांनी लहान. तो धावायला लागला तेव्हा मला वाटले, हा नाव काढणार. त्या काळात मी आपल्या माणसांच्या कथा वाचत होतो. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे. आईवडील वीटभट्टीवर काम करणारे, आणि पोरगा लहानपणी शाळेला काही किलोमीटर धावतच जायचा. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. अशा कथा वाचून मुले बिघडत नाहीत, बाप बिघडतात. मी तेरा वर्षांच्या पोराला रोज घाटात नेऊ लागलो. खाली उतरायचे आणि पुन्हा चढायचे. घड्याळ लावायचे. "कालच्यापेक्षा दहा सेकंद कमी झाले पाहिजेत." तो नडगी दुखते म्हणाला. मी म्हटले, "दुखणारच." महिनाभर दुखणे घेऊन तो धावला. शेवटी लंगडू लागला तेव्हा कोल्हापूरला नेले. हाडाला बारीक चीर होती. डॉक्टरांनी विचारले, "हा किती वर्षांचा? आणि घाटात रोज कशाला?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मी गाड्या दुरुस्त करणारा माणूस. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये घ्यावी, नुसत्या ब्रेकवर सोडली तर ब्रेक तापतात, हे मला माहीत होते. माणसाच्या पायाचेही तसेच आहे. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीच्या पुढचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत ब्रेक लावत असतो आणि त्याचा मार नडगीला, गुडघ्याला बसतो. चढ दमवतो, पण उतार मोडतो. गाडीसाठी जी अक्कल वापरली ती पोटच्या पोरासाठी वापरली नाही. दोन महिन्यांत हाड सांधले. पण तो पुन्हा धावला नाही. आजही धावत नाही. आमच्याबरोबर शर्यतीला येतो, पिशव्या सांभाळतो, वेळ टिपतो, फोटो काढतो. सगळे हसतखेळत करतो. "तू का नाही?" असे कुणी विचारले की माझ्याकडे पाहतो आणि म्हणतो, "माझा कोटा अब्बांनी लवकर संपवला." सगळे हसतात. मीही हसतो.

आमची पहिली मोठी शर्यत २०१८ सालची, साताऱ्याची. तिथली अर्धमॅरेथॉन डोंगरातील आहे. शहरातून निघायचे, यवतेश्वराचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचे आणि तिथूनच मागे फिरायचे. अंतर एकवीस किलोमीटर सत्त्याण्णव मीटर. हा विचित्र आकडा कुठून आला? पुरी मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर, हे अंतर प्रथम १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले, आणि अर्धी म्हणजे त्याच्या निम्मी. मुलीला तेव्हा नुकतेच अठरावे संपले होते, म्हणून तिला नाव देता आले. आदल्या रात्री साताऱ्यात नातेवाइकांकडे मुक्काम. त्यांनी प्रेमाने मटण केले. मी खाल्ले. मुलीने वरणभात खाल्ला. दुसऱ्या दिवशी यवतेश्वराच्या तिसऱ्या वळणावर मला या दोन जेवणांतील फरक समजला.

हजारो माणसे होती. अंगावर क्रमांकाचा कागद आणि त्यालाच वेळ मोजणारी पट्टी लावलेली. पावसाची बारीक भुरभुर. इतर धावपटू पावसाला वैतागले होते. आम्ही बाप-लेक मात्र घरी असल्यासारखे होतो. चढावर मुलगी पुढे गेली ती गेलीच. मी चढ अर्धा चालून काढला. परतीच्या उतारावर एक तरुण माझ्याजवळून सुसाट गेला. दोन किलोमीटर पुढे तो मांडी धरून कडेला बसलेला दिसला. मी थांबून त्याचा पाय ताणून दिला, खजूर दिले आणि निघालो. मुलगी दोन तास एकतीस मिनिटांत पोहोचली. मला दोन तास अठ्ठावन्न मिनिटे लागली. ती शेवटच्या रेषेपाशी टॉवेल घेऊन उभी होती. मला पाहून म्हणाली, "अब्बा, मी तुमची गव्याने वाट अडवली की काय म्हणून काळजीत होते."

खर्चाबद्दल पालक विचारतात. खरे सांगतो, खर्च येतो. बूट हा मोठा खर्च, आणि त्यात कसर करू नये. नावनोंदणीचे शुल्क मोठ्या शर्यतींना बरेच असते. म्हणून वर्षाला एकच मोठी शर्यत हा आमचा नियम. बाकी धावणे फुकट आहे. पावसाळ्यात ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून चुलीपासून हातभर अंतरावर ठेवायचे. चुलीला चिकटवले तर तळ सुटतो, हा अनुभवाचा बोल. मधुमेहवाल्यांनी धावण्याआधी गोळीच्या वेळेबद्दल डॉक्टरांना विचारावे आणि खिशात साखर किंवा खजूर ठेवावे. साखर वाढलेली कळायला वेळ लागतो, उतरली तर माणूस रस्त्यावरच आडवा होतो. माझे एकदा झाले आहे. रमजानमध्ये आम्ही वेग सोडतो. इफ्तारच्या आधी अर्धा तास सावकाश चालतो, बस्स.

धावणे हे श्रीमंतांचे नवे खूळ आहे असे काहींना वाटते. शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर खेड्यातील पोरे धावताना पाहून सर दोराबजी टाटांच्या मनात ऑलिंपिकला संघ पाठवण्याचा विचार आला. त्यांतून निवडलेले बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० मध्ये अँटवर्पला मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. आणि अलीकडचे उदाहरण बारामतीच्या लता करे यांचे. साठी उलटलेली, मजुरी करणारी बाई. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते. ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीला बक्षीस आहे असे कळले, आणि ती नऊवारी नेसून धावली, पहिली आली. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केले. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. त्या चित्रपटाची गोष्ट मुलीने आपाला सांगितली.

आपा आता आमच्याकडेच असते. तिचे यजमान वारल्यावर ती माहेरी परतली. शिलाईचे काम करते. आमच्या धावण्याबद्दल ती कधी चांगले-वाईट बोलली नाही. आमचे ओले कपडे वाळत टाकायची, मुलीचा रुमाल शिवून द्यायची. लता करेंची गोष्ट ऐकून तिने एवढेच विचारले, "पायात काय होते तिच्या?" मुलगी म्हणाली, "काही नाही, अनवाणी." आपा गप्प बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो तर ती ओढणी कंबरेला खोचून दारात उभी.

वर्षभर ती आमच्याबरोबर चालली. नंतर एका विजेच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावायचे, पुढच्या खांबापर्यंत चालायचे, असे चालले. २०२३ मध्ये कोल्हापूरच्या एका शर्यतीत पाच किलोमीटरसाठी आम्ही तिचे नाव दिले. ती चोपन्न वर्षांची. सलवार-कमीज, कॅनव्हासचे बूट. माझी पत्नी तिच्यासोबत होती, मी मुद्दाम मागे राहिलो. चार किलोमीटर ती खांबांच्या हिशेबाने आली. शेवटच्या वळणावर रेषा दिसली आणि मंडळी, आपा धावू लागली. गुडघे वर, हात बाजूला न जाता सरळ पुढे-मागे. एकोणचाळीस वर्षांपूर्वी ती जशी धावायची तशी. पत्नी मागे राहिली, मीही मागे राहिलो. वेळ सेहेचाळीस मिनिटे. त्या वेळेला जगात काही किंमत नाही.

परतताना एस.टी.त ती खिडकीशी बसली होती. बालिंग्याचा पूल ओलांडल्यावर मी धीर केला आणि म्हणालो, "आपा, तेव्हा अब्बांना मी सांगितले होते."

ती बाहेरच पाहत होती. म्हणाली, "मला त्याच दिवशी कळले होते. तू जेवायला माझ्या शेजारी बसला नाहीस." मग कळे येईपर्यंत आम्ही काही बोललो नाही. कळ्याला गाडी थांबली तेव्हा तिने विचारले, "दहा किलोमीटरची असते का रे एखादी?"

आता ती, मी, पत्नी आणि सुट्टीला आलेली मुलगी, असे चौघे आम्ही दर रविवारी सकाळी सहाला गगनबावड्याच्या स्टँडपासून निघतो. मुलगा मोटारसायकलवरून पाणी घेऊन मागे येतो. तुमच्यापैकी कुणाला यायचे असेल, तर कोल्हापूरहून शनिवारी संध्याकाळच्या गाडीने या. घर लहान आहे, पण अंथरुणे आहेत. मोजे मात्र दोन जोड आणा, तिथे काही वाळत नाही.